गुरुजी आले की पवारी गप्प

रोवणीच्या दिवसांत आमचे कटरे गुरुजी धानाच्या बांधीत धुऱ्याच्या उंचवट्याआड उकिडवे बसलेले दिसले, तर घाबरू नका. वय पंच्याहत्तर, पांढरा पायजमा चिखलात, हातात वही. पलीकडे रोवणाऱ्या बाया पवारीत, म्हणजे आम्हा पवारांच्या घरच्या बोलीत, काय बोलतात, ते गुरुजी चोरून लिहून घेत असतात.

समोर जाऊन का विचारत नाहीत? तीच तर गंमत आहे. गुरुजी दिसले की अख्खं गाव शुद्ध मराठी बोलायला लागतं. हा त्यांचाच प्रताप. गावच्या शाळेत त्यांनी आम्हा पवारांच्या पोरांना तीस वर्षं शिकवलं. घरचा एक शब्द तोंडातून निसटला की कान पिळायचे आणि म्हणायचे, "शुद्ध बोल." त्यानं मी इतका सुधारलो की आज कोहमाऱ्याकडच्या एका शाळेत मराठी शिकवतो, आईशी मराठीत बोलतो, बायकोशी हिंदीत भांडतो. पवारी मला समजते सगळी. बोलायला गेलो की माझी बोबडी वळते.

निवृत्त झाल्यावर गुरुजींनी पवारीचा शब्दकोश मनावर घेतला. दारोदार फिरतात. परवा दुपारी आमच्याकडे आले. त्याआधी दहाच मिनिटं आई शेजारणीशी पवारीत अशी कडाडली होती की कोंबड्या अंगण सोडून गेल्या होत्या. गुरुजींना पाहताच तिनं डोक्यावर पदर घेतला आणि रेडिओवरच्या बाईसारखी म्हणाली, "नमस्कार गुरुजी. आपण चहा घेणार काय?"

गुरुजी कळवळले. "अवो वहिनी, अशुद्ध बोला ना! शेजारणीसंगं बोलता तशा."

आईनं चहात साखर किती घालावी, हे त्याहून शुद्ध भाषेत विचारलं.

मग मी मदतीला धावलो, म्हणजे शब्दकोशाला प्रस्तावना लिहून देतो म्हणालो. प्रस्तावना लिहायला ती भाषा यावी लागत नाही, हा आम्हा मास्तर लोकांचा जुना अनुभव आहे. गुरुजींनी हातातली वही मिटली. मला आपलं वाटलं, माझ्या मोठेपणानं भारावले. म्हणून आणखी शहाणपणा केला. विचारलं, "गुरुजी, या वयात एवढा खटाटोप कायले? पोरं आता मोबाईलवर पवारीची गाणी टाकून राहिली. शब्द कुठं पळून जातात?"

"शब्द भेटतील रे," ते म्हणाले. "माही बायको घरात माह्यासंगं पवारीतच बोलायची. मी मराठीत उत्तर देत राहिलो. मास्तर होतो ना! शेवटी शेवटी तिनं बोलणंच सोडलं. आता ती नाही, तं वाटते, कोणीतरी एकडाव माह्यासंगं पवारीत बोलावं. लिहून घ्यासाठी नाही रे. असंच."

आई चहाचा कप धरून दारात उभी राहिली. मला फार लाज वाटली. प्रस्तावनेची तर वाटलीच, पण जास्त याची, की गुरुजींना जे हवं होतं ते माझ्या घरात रोज ऐकू येत होतं आणि मी कधी तोंड उघडलं नव्हतं.

धीर केला आणि पवारीत म्हणालो की आता जेवूनच जा. एवढ्याशा वाक्यात तीन तरी चुका झाल्या. मला बोलतानाच कळल्या. मी मान खाली घालून वाट बघत राहिलो.

गुरुजींनी एकही चूक दुरुस्त केली नाही. डोळे पुसले, खाटेवर नीट मांडी घातली आणि भाजी कशाची केली आहे, ते पवारीतच विचारलं.