अठरावं लँडिंग

मी बनवलेलं सिंहासन आजवर एकाही राजाखाली मोडलेलं नाही! चाळीस वर्षं मी आमच्या वडश्याच्या नाटक मंडळ्यांसाठी सुतारकाम केलं. महाल बांधले, तुरुंग बांधले, एकदा तर स्टेजवर आगगाडीचा डबा उभा केला. मग घरात विमानाचं कॉकपिट उभं करणं म्हणजे काय मोठी गोष्ट! असं मी ठरवलं. आणि सुतारानं असं काही ठरवलं की घरातली खाट वाचत नाही.

हे सगळं सुरय्यासाठी. सुरय्या माझी बायको. तिला एकदा विमानात खिडकीजवळ बसायचं होतं. "वरून आपलं घर कसं दिसते, तेवढं पाहायचं हाय," म्हणायची. मी म्हणायचो, "नाटकांचा सीझन संपू दे." सीझन संपायचा, दुसरा यायचा. मागच्या वर्षी मोहफुलांच्या दिवसांत ती तीन दिवसांच्या तापानं गेली. सीझन नुकताच संपला होता.

मुलगा वाजिद नागपूरला कॉम्प्युटरच्या कामात आहे. त्यानं विमान उडवायचा खेळ टाकून एक जुना कॉम्प्युटर आणून दिला. "अब्बा, यातले नकाशे खरे आहेत. नागपूरवरून उडा, वडश्यावर फेरी मारा, परत नागपूरला उतरा."

सुरय्याच्या शिवणाच्या खोलीत मी कामाला लागलो. खाटेच्या सागवानी फळ्यांचा सांगाडा केला. नाटकातल्या जुन्या रथाचं अर्धं चाक कापून स्टिअरिंग केलं. पायाखाली तिच्या शिलाई मशीनचं पायडल बसवलं. वायरी वाजिदनं जोडल्या. आणि शेजारी दुसरी सीट. खिडकीजवळची.

सतरा वेळा उडालो, सतरा वेळा पडलो! कधी नदीत, कधी भाताच्या बांधीत. एकदा तर विमानतळावर उभ्या असलेल्या दुसऱ्या विमानावर! वाजिद फोनवर वैतागला. "अब्बा, तुम्ही चाक लई हलवता. विमान हाय ते, रंधा नाई!"

सुरय्याला जाऊन वर्ष झालं त्या दिवशी सकाळी मी कब्रस्तानात जाऊन आलो. मग तिची हिरवी ओढणी शेजारच्या सीटवर पट्ट्यासारखी बांधली. सतरा वेळा मी एकटा पडलो होतो. आज तिला घेऊन पडायचं नव्हतं.

सुरय्या नियमाची पक्की. म्हणून विमानात करतात तसा मोबाईल बंद केला. खोलीत अंधार व्हावा म्हणून खिडकीला तिनंच नाटकासाठी शिवलेला काळा पडदा लावला. कानाला हेडफोन चढवले. त्या दिवशी एक नवीन गोष्टही होती. मंडळीचे मालक गुणवंतराव यांच्याकडून मी नाटकाचा मोठा साउंड बॉक्स आणून सीटखाली सरकवला होता. इंजिनाचा बारीक आवाज माझ्या कानात, जाड आवाज बॉक्समध्ये. सीट थरथरली पाहिजे ना!

थरथरली! सीट थरथरली, भिंत थरथरली, छपरावरची कवेलूही थरथरली. विमान उडालं.

बाहेर काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. दोनच दिवसांपूर्वी गावच्या नाल्यावर वाघाचे पंजे दिसले होते. शेजारची कमलाबाई अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. तिला माझ्या घरातून आवाज आला. गुर्रर्र!

"कय्यूमभाऊ!" तिनं हाक मारली. उत्तर नाही. फोन लावला. बंद!

वाघ-बिबट घरात शिरला की आमच्याकडे आधी कोणी ओरडत नाही. आधी पाय न वाजवता जाऊन बाहेरून कडी लावतात, मग ओरडतात. कमलाबाईनं कडी लावली, चार घरं मागं पळाली आणि मग अशी ओरडली की झाडावरची माकडं उतरली!

"वाघ! कय्यूमभाऊच्या घरात वाघ शिरला!"

"आन् कय्यूमभाऊ?"

"त्याचा फोन बंद हाय."

"मंग झालं!" कोणीतरी म्हणालं आणि डोक्यावरची टोपी काढली.

अर्ध्या तासात वनरक्षक रंजीता मॅडम जाळी आणि माणसं घेऊन आल्या. गावानं डबे आणले, फटाके आणले. वाजिदला कोणीतरी फोन केला. तो तसाच गाडीवर निघाला.

मी तेव्हा वैनगंगेवर होतो. "सुरय्या, पाह्य, नदी," मी म्हणालो. मग वडसा आलं. आमच्या घराच्या जागी एक हिरवा डाग होता. घर होतं की दारातली चिंच, काही कळेना. "हे आपलं घर," मी तिला सांगून टाकलं आणि विमान वळवलं.

नागपूर जवळ आलं. वेगाचा दांडा मागे घेतला, चाकं सोडली, धावपट्टी नाकासमोर आली. एवढ्यात फाड्! फाड्! फाड्!

इंजिन फुटलं! सगळे काटे पाहिले, काटे जागेवर. तरी फाड् फाड् चालूच! मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, "सुरय्या, घाबरू नको! मी हाय ना!"

बाहेर फटाके लावणारे थांबले.

"जिता हाय!" कमलाबाईनं कपाळावर हात मारला. "वाघासमोर बसून बायकोले हाक मारून राह्यला बिचारा!"

"वेळ जवळ आली की तसंच दिसते," टोपी काढलेला माणूस म्हणाला.

रंजीता मॅडमनी भोंगा थेट खिडकीला लावला. "चाचा! हलू नका! बोट पण हलवू नका! वाघ तुमच्या पुढं हाय का मांगं?"

वाघ? मी एका कानावरचा हेडफोन सरकवला. आणि तेव्हा मला ऐकू आलं. माझ्या सीटच्या खालून, अगदी माझ्याच खालून. गुर्रर्र!

तो बॉक्स मीच ठेवला होता हो. पण त्या क्षणी मला बॉक्स आठवला नाही, गुणवंतराव आठवले नाहीत, स्वतःचं नाव आठवलं नसतं. खाली वाघ, समोर धावपट्टी, शेजारी सुरय्या!

मी हललो नाही. पाचशे फूट. घाम डोळ्यात उतरला, पुसला नाही. तीनशे फूट. दर वेळी इथंच मी चाक खसाखसा फिरवत असे. आता हात लाकडाचे झाले होते. शंभर फूट. धावपट्टी स्क्रीनवर खाटेएवढी झाली, अंगणाएवढी झाली. मी श्वास घेतला नाही.

ठप्.

चाकं टेकली! विमान सरळ धावत गेलं, मंद झालं, थांबलं. ओढणी जागेवर होती. मी एक बोट, फक्त एक बोट सरकवून इंजिन बंद केलं. गुरगुर थांबली.

"झोपला वाटते," बाहेर कोणीतरी कुजबुजलं.

मग कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. "मॅडम," मी आतून म्हणालो, "वाघ मी बंद केला."

कोणाला काही समजायच्या आत कडी निघाली, दार उघडलं आणि जाळी पडली. ती माझ्यावर! मी, रथाचं चाक आणि ओढणी, तिघं एका जाळ्यात. रंजीता मॅडमनी टॉर्च मारून सीटखाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"चाचा, रिपोर्टात काय लिहू मी आता?"

"लिहा, दोघं सुखरूप उतरले."

मोबाईल चालू केला तर वाजिद अर्ध्या वाटेत पोचला होता. "अब्बा, जिते आहात ना?"

"हाव! आन् विमान उतरवलं!"

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

गाव काही हटेना. "वाघ नाई तं नाई, विमान दाखवा!" रंजीता मॅडमही म्हणाल्या, "एवढं जाळं आणलं चाचा, आता एक फेरी तं झालीच पाहिजे." आणि त्या शेजारच्या सीटवर बसायला निघाल्या.

"थांबा," मी म्हणालो. आधी ओढणी सोडली, तिची घडी केली आणि पेटीत ठेवली.

"तिले काऊन उतरवलं, कय्यूमभाऊ?" कमलाबाईनं विचारलं. "आता तं तुमाले येते ना उतरवता?"

मी सगळ्या गावासमोर ऐटीत चाक धरलं, आणि चार मिनिटांत रंजीता मॅडमला घेऊन भाताच्या बांधीत पडलो.