आत्याच्या गाडीचा पाव फेरा

उपकारांची परतफेड कधीच करता येत नाही, असं थोर माणसांनी सांगून ठेवलं आहे. थोर माणसांकडे पान्यांचा सेट नसावा. भाच्याकडे होता. बत्तीस पान्यांचा, निळ्या पेटीत. त्यातले तीस अजून कागदातून बाहेर यायचे होते.

उपकार आत्याचे होते. आईवडिलांच्या सारख्या बदल्या होत, म्हणून भाचा सातव्या वर्षी आत्याकडे आला आणि कॉलेज संपेपर्यंत राहिला. आत्या शाळेत गणित शिकवायची. तिच्या गोल पाठीच्या हिरव्या मोटारीने त्याला रोज शाळेत सोडलं, गोवर आला तेव्हा दवाखान्यात नेलं. दहावीच्या पेपराला तर ती फाटकाबाहेर तीन तास इंजिन चालू ठेवून उभी होती. बंद केलं असतं तर पुन्हा सुरू झालं नसतं. पेपरात काय आलं होतं ते भाचा विसरला. ती घरघर विसरला नाही.

आता आत्या पंच्याहत्तरीला पोचली आणि परवान्याच्या कचेरीतून पत्र आलं. चष्मा सापडेना, म्हणून भाच्यानेच ते वाचून दाखवलं. तो छापखान्यात मुद्रितशोधक होता, दुसऱ्यांच्या चुका काढून पगार घेणारा. आधी त्याने पत्रातल्या दोन चुका काढल्या, मग मजकूर सांगितला. सोमवारी सकाळी दहा वाजता गाडी चालवून दाखवायची. पास झाली तर परवाना आणखी पाच वर्षं, नापास झाली तर कायमचा जमा. पत्र फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली गेलं.

"मला नापास करणार?" आत्या म्हणाली. "पस्तीस वर्षं मी लोकांना नापास केलंय."

पण हातातलं पाणी न पिताच तिने ग्लास खाली ठेवला. तिचं घर गावाच्या पार टोकाला. गाडी गेली की बाजार, दवाखाना, वाचनालय, मैत्रिणींचा पत्त्यांचा डाव, सगळं दुसऱ्याच्या सवडीवर. आणि आत्याने आजवर कोणाची सवड विचारली नव्हती.

भाच्याला धास्ती होती ती स्टीअरिंगची. ते डावीकडे फिरवलं तर पाव फेरा होईपर्यंत चाकांना त्याची बातमीच लागत नसे. उजवीकडेही तेच. गॅरेजच्या भाषेत ह्या ढिलाईला 'प्ले' म्हणतात. त्यामुळे गाडी सरळ ठेवायची तर आत्याचे हात सारखे इकडून तिकडे चालत. शेजारी बसणाऱ्याला वाटे, बाई स्वेटर विणताहेत. गाडी मात्र पट्टीने आखल्यासारखी जाई. पण परीक्षक हात बघणार, भाच्याने विचार केला, आणि पहिल्याच चौकात लाल पेन काढणार.

म्हणून गुरुवारी, 'ऑइल बदलून आणतो' एवढंच सांगून त्याने गाडी मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये नेली. मिस्त्री आत्याचा जुना विद्यार्थी. दशांशचिन्ह हमखास चुकीच्या जागी द्यायचा, म्हणून तिने वर्गात त्याचं नाव 'दशांश' ठेवलं होतं, आणि पन्नाशीतही ते सुटलं नव्हतं.

"स्टीअरिंग बॉक्स उघडून सगळं नवं घालायचं," भाचा म्हणाला. "आणि माझ्या हाताने. कृतज्ञता म्हणून."

"कृतज्ञता बाहेर बाकावर बसून नाही का होणार?"

"नाही."

"बरं. मग आतला तो नट आडवा धरा. उलटा केलात तर—"

भाच्याने तो आधीच उलटा केला होता. आतले चोवीस पोलादी छर्रे फरशीवर उतरले आणि शाळा सुटल्यासारखे चारी दिशांना पळाले.

"जाऊ द्या," मिस्त्रीने उसासा टाकला. "नवेच घालायचे आहेत."

शनिवारपर्यंत नवे छर्रे, नवा आट्यांचा दांडा, नवे बुश, सगळं बसलं. स्टीअरिंगला बोट लावलं तरी चाकं वळत. प्ले शून्य. भाच्याचा ऊर भरून आला. मिस्त्रीने गाडी आत्याच्या दारात नेऊन उभी केली.

रविवारी सकाळी आत्या सरावाला निघाली. हात नेहमीसारखे विणू लागले, आणि गाडीने आज प्रथमच प्रत्येक टाका मनावर घेतला. डावीकडची कुंडी गेली, उजवीकडची गेली, पुन्हा डावीकडची गेली, आणि मग गाडी शेजाऱ्यांच्या कुंपणात नाक खुपसून थांबली. वेग बैलगाडीचा होता म्हणून कोणाला खरचटलंही नाही.

आत्या खाली उतरली. आपले दोन्ही तळवे तिने उलटसुलट करून पाहिले.

"हात गेले माझे," ती म्हणाली. "उद्या मी जात नाही. परवाना तूच देऊन ये."

"आत्या, हात नाही गेले. प्ले गेलाय."

"कोणी नेला?"

"मी."

आत्याने त्याच्याकडे बघितलं. सातवीत असताना असंच बघितलं होतं, तेव्हा त्याने न विचारताच तीस पाढे म्हटले होते.

"परत आण," ती म्हणाली.

गॅरेज बंद होतं. मिस्त्री घरी वर्तमानपत्र वाचत होता.

"साहेब, लोक माझ्याकडे प्ले काढायला येतात. घालून मागणारे तुम्ही पहिले."

"बाईंनी सांगितलंय."

मिस्त्री उभा राहिला. "कधीपर्यंत?"

त्याने गॅरेज उघडलं, गाडी आणली, मागोमाग आत्याही आली. आधी स्टीअरिंगचा नुसता स्क्रू सैल करून पाहिला. आत्याने बसून स्टीअरिंग हलवलं आणि मान हलवली. "हा माझा नव्हे. ह्याला वळण नाही." मग जुने भाग भंगाराच्या डब्यातून उपसले. छर्रे शोधायला पंच्याहत्तरीची गणिताची बाई, मिस्त्री आणि मुद्रितशोधक असे तिघे फरशीवर ओणवे झाले. आत्या मोजत होती. तेविसावर गाडी अडली.

तेवढ्यात भाच्याच्या बायकोचा फोन आला. "अहो, तुमची गॅरेजची पँट धुवायला टाकली, तर मशीन खडखडतंय."

"बंद कर. आणि जे सापडेल ते घेऊन इकडे ये."

"धुतलेलं हवं की तसंच?"

चोविसावा छर्रा साबणाचा वास घेऊन आला.

दुपारी आत्याने गाडी बाहेर काढली. हात विणत होते, गाडी सरळ चालली होती. शेजारी भाचा मान खाली घालून बसला होता.

"चांगलं करायला गेलास, कळलं मला," ती म्हणाली. "पण तो प्ले आला कुठून, आठवतं? अकरा वर्षांचा होतास. अख्खी सुट्टी उभ्या गाडीचं स्टीअरिंग गरागरा फिरवत बसायचास. जगप्रवास चालला होता तुझा."

"तू बोलली का नाहीस?"

"रडायचा थांबला होतास. आई आठवायची ना तुला." आत्याने अलगद वळण घेतलं. "बॉक्स झिजला, मी हात बदलले. त्यात काय."

भाचा खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं.

सोमवारी कचेरीत सगळे गेले. मिस्त्री इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. परीक्षक आत्याला घेऊन बाहेर आला, हिरव्या गाडीला वळसा घालून पुढे गेला आणि त्याने एका पांढऱ्या, नव्या कोऱ्या गाडीचं दार उघडलं. बारा मिनिटांनी आत्या परवान्यावर शिक्का घेऊन आली.

"कशी होती ती गाडी?" मिस्त्रीने विचारलं.

"बरी. परक्या घरी माणूस जपूनच वागतो."

आत्याच्या घरी आल्यावर भाच्याने फ्रिजवरचं पत्र काढून उलटं केलं. 'चाचणी कार्यालयाच्या वाहनावर घेतली जाईल. स्वतःचे वाहन आणण्याची गरज नाही.'

त्या बाजूला छपाईची एकही चूक नव्हती.