आपली पोर चालत नाही

सरकारी योजनेतून वाट कशी काढायची हे ज्याला शिकायचं असेल, त्याने हमरापूरला यावं आणि माझ्या दाराची कडी वाजवावी, असं मी मार्च महिन्यात छातीठोकपणे सांगत होतो. आता कोणी कडी वाजवायला येऊ नये. घरी कोणी नसतं.

मी अंबरीश. शिकलेला, धडधाकट आणि घरी बसलेला. 'घरी बसलेला' हा शब्द माझा नाही, आमच्या त्र्यंबककाकांचा. ज्याच्या घरात तीन वर्षांची पोर आहे त्याने एकदा घरी बसून दाखवावंच! बायको अनन्या रोह्याला शाळेत शिकवते, पहाटेच्या गाडीने जाते. तिची नोकरी पक्की होती, माझी कच्ची होती, म्हणून सावनी झाल्यावर मी माझी सोडली. तेव्हापासून तिला न्हाऊ घालणं, भरवणं, तिच्या नाकात गेलेला वाटाणा काढणं, पुन्हा गेलेला वाटाणा पुन्हा काढणं, हे सगळं माझ्याकडे.

"सध्या काय करतोस?" त्र्यंबककाका दर भेटीत विचारतात.

"सावनीला सांभाळतो."

"ते झालं रे. पण करतोस काय?"

तरी मी सुखात होतो. पण एका सकाळी डबा भरता भरता अनन्या म्हणाली, "एका पगारात आता भागत नाही, अंबरीश. सुशीलदादाने रोह्याच्या कंपनीत तुझ्यासाठी शब्द टाकलाय. जूनपासून ये म्हणतात."

सुशीलदादा म्हणजे तिचा भाऊ. शब्द टाकण्याशिवाय त्याने आयुष्यात दुसरं काही टाकलेलं नाही.

"आणि सावनी?"

"राहील कुठेतरी," ती म्हणाली आणि डब्याचं झाकण लावायला पाठमोरी झाली. ते झाकण लागायला फार वेळ लागला. सावनीला दुपारी झोप येते तेव्हा ती माझ्या कानाची पाळी धरून झोपते. आता हे 'कुठेतरी'ला कोण सांगणार?

नेमकी त्याच आठवड्यात ती योजना कानावर आली. मूल सांभाळणाऱ्या घराला सरकार दर महिन्याला भत्ता देणार! मी सावनीला काखोटीला मारलं... म्हणजे मारणार होतो, पण ती झोपली होती. म्हणून तिला शेजारी ठेवून एकटाच योजनेच्या कार्यालयात धावलो. तिथे ऋतुजा मॅडम होत्या.

"मॅडम, मी दिवसभर मूल सांभाळतो!"

"कोणाचं?"

"माझंच!"

"मग नाही. ही योजना दुसऱ्याचं मूल सांभाळणाऱ्या घरासाठी आहे."

"पण काम तेच ना, मॅडम? तीच शी, तीच शू, तेच घास घेऊन मागे धावणं!"

"शेजाऱ्याच्या मुलामागे धावलात तर ते काम. स्वतःच्या मुलामागे धावलात तर ते..." मॅडमनी जरा शब्द शोधला. "ते प्रेम."

"प्रेम थोडं कमी केलं तर?"

मॅडम हसल्या नाहीत. मीही विनोद केलेला नव्हता.

घरी येताना मात्र माझ्या डोक्यात असा काही प्रकाश पडला की मी अर्ध्या रस्त्यात थांबून स्वतःचीच पाठ थोपटली. आमच्या अंगणाला लागूनच आदेश आणि वैशालीवहिनींचं घर. आदेश रोह्याला कंपनीत पहिल्या शिफ्टला. वहिनी घरच्या शेडमध्ये गणपती रंगवतात. डोळ्यांची आखणी करावी तर त्यांनीच. परदेशी जाणाऱ्या मूर्ती उन्हाळ्यातच निघतात, त्यामुळे त्यांना मान वर करायला फुरसत नव्हती. शेजारी त्यांची मनस्वी, सावनीएवढीच, रिकाम्या डब्यात पाणी ढवळत बसलेली. वहिनींनाही मॅडमनी तेच उत्तर दिलं होतं.

"वहिनी! तुमची मनस्वी माझ्याकडे, माझी सावनी तुमच्याकडे! मी दुसऱ्याचं मूल सांभाळतोय, तुम्हीही दुसऱ्याचं सांभाळताय! दोन्ही घरांना भत्ता!"

"भावोजी, तुमचं डोकं म्हंजे..." म्हणून वहिनींनी ब्रश उचलला आणि वाक्य तिथेच सोडलं. मी ते कौतुक आहे असं धरून चाललो.

अर्ज झाले, आणि दुसऱ्या दिवशी पोरींची अदलाबदल केली. मनस्वीने माझ्या दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली आणि मी तिला विकायला नेतोय अशा आवाजात रडायला सुरुवात केली. माझ्या हातचा वरणभात तिने माझ्याच सदऱ्यावर परत केला. तिकडे सावनी मागच्या कुंपणातून सारखी पळून येत होती. वहिनी तिला उचलून न्यायच्या, की ही पुन्हा हजर!

"बाबा, मी आले!" प्रत्येक वेळी असं सांगायची, जणू मोठ्या प्रवासाहून आलीये.

योजना बुडत होती आणि मला मनातून आनंद होत होता. असा माणूस धंदा करणार कसा!

संध्याकाळी वहिनींनी हात टेकले. "नाय जमायचं, भावोजी. पोरी ऱ्हायच्या नायत."

तेव्हा मला दुसरा प्रकाश दिसला. पहिल्याहून मोठा!

"वहिनी, पोरी हलवायच्याच कशाला? नावं हलवू!"

पोरींनी आपापल्या घरीच राहायचं. मॅडम तपासणीला आल्या की तेवढ्यापुरती माझी सावनी मनस्वी व्हायची आणि मी तिचा काका. तिकडे मनस्वी सावनी व्हायची आणि वैशालीवहिनी तिची काकू. मॅडमनी पोरींना पाहिलेलं नव्हतं. आधार कार्डांवरचे फोटो पाळण्यातले, त्यात दोघीही उकडलेल्या बटाट्यासारख्या दिसत होत्या. आपण जे रोज करतो तेच करायचं, फक्त आपलं मूल आपलं नाही असं म्हणायचं, की सरकारला ते काम दिसणार! मला तर यात खोटं असं काही वाटेचना.

उरली शिकवणी. आमच्या पेणच्या बाजूला उन्हाळ्यात घरोघरी पापड लाटतात, आणि पोरांचा जीव पापडापेक्षा लाटीत, म्हणजे त्या कच्च्या पिठाच्या तेलात बुडवलेल्या गोळीत. मी शेजारून डबाभर लाट्या आणल्या.

"सावनी, मी कोण?"

"बाबा!"

लाटी नाही.

"मी कोण?"

"बाबा?"

लाटी नाही. तिचा ओठ थरथरला. मीही डोळे मिटून घेतले, पण माघार घेतली नाही.

"मी कोण, बेटा? का... का..."

"काका!"

लाटी! पाठोपाठ वहिनींच्या मोबाइलमधला आदेशचा फोटो दाखवला. हा कोण? बाबा! लाटी! आदेश कुठे जातो? कंपनीत! लाटी! पोर हुशार, माझ्यावर गेलेली. दोन दिवसांत तयार झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडल्या उघडल्या माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, लाटी."

"हे काय चाललंय?" अनन्याने विचारलं.

"खेळ आहे," मी म्हणालो. तिला योजना सांगितली नव्हती. भत्ता हातात ठेवून एकदम चकित करायचं होतं. आदेशला वहिनी सांगणार होत्या, पण मूर्तींच्या घाईत त्या विसरल्या. आणि आदेशची आई, हौसाकाकी, यांना मुद्दामच सांगितलं नव्हतं, कारण त्यांना सांगितलेलं संध्याकाळपर्यंत पोयनाडला पोचतं. म्हणजे बघा, योजना किती गुप्त होती!

शनिवारी मॅडम आल्या. मी सावनीला अंगणात भरवत होतो.

"नाव काय तुझं?"

"मनस्वी."

"आणि हे कोण?"

"काका."

"बाबा कुठे गेलेत?"

"कंपनीत."

एकदाही अडखळली नाही! एकदाही माझ्याकडे वळून बघितलं नाही. नजर लाट्यांच्या डब्यावर. मला खूप आनंद व्हायला हवा होता.

मॅडम बराच वेळ बघत होत्या. मी घास गार करत होतो, तोंड पुसत होतो, चिमणी दाखवत होतो. मग त्या म्हणाल्या, "किती मायेने सांभाळता हो दुसऱ्याच्या मुलीला! सख्खे वडीलसुद्धा एवढं करत नाहीत!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तीन वर्षांत मला कोणीतरी पहिल्यांदा शाबासकी दिली होती, आणि तीही मी बाप नाही म्हणून!

सावनीला आणि लाट्यांच्या डब्याला घेऊन आम्ही पलीकडे शेडमध्ये गेलो. वहिनी मूर्तीची आखणी करत होत्या. रंग ओला होता, त्यामुळे उठता येईना. हौसाकाकी दारात तांदूळ निवडत होत्या. मनस्वी कोपऱ्यात गाढ झोपलेली.

"ही सावनी ना? झोपू दे," मॅडम हळूच म्हणाल्या. "तुमची दोन्ही घरं मी पास करते."

झालं होतं हो! सगळं झालं होतं! आणि तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. अनन्याची शाळा आणि आदेशची शिफ्ट बरोबरच सुटते, दोघं रोज एकाच गाडीने येतात आणि स्टेशनवरून एकच रिक्षा करतात. आधी अनन्या उतरली, मागून आदेश.

सावनीने आदेशला पाहिलं. डब्याकडे पाहिलं. आणि सुसाट सुटली!

"बाबाऽऽऽ!"

तिने त्याच्या पायांना मिठी मारली. आदेशने तिला नुसतं उचलून घेतलं असतं ना, तरी आज मी घरी असतो. पण तो गरम तव्यावर पाय पडल्यासारखा मागे उडाला.

"मी नाय! मी नाय गो तुझा बाबा! आईशप्पत मी नाय!"

वहिनींचा ब्रश घसरला. परदेशी निघालेला गणपती एका डोळ्याने आदेशकडे बघायला लागला. हौसाकाकींच्या मांडीवरचं सूप खाली आलं.

"काय रं आदेश? शेजारची पोर तुला बाबा का म्हंते?"

"आये, मला काय ठावं!"

"रोज हिच्या आईसंगं एकाच गाडीनं येतोस ते हाय ठावं?"

"काकी! काय बोलताय तुम्ही!" अनन्या किंचाळली.

"बाबा! लाटी!" सावनी ओरडली.

समोरच्या शेडमधले कारागीर हातात ब्रश घेऊन कुंपणाला येऊन उभे राहिले. वहिनी माझ्याकडे बघत होत्या, मी वहिनींकडे. खरं बोललो तर भत्ता जाणार, गप्प राहिलो तर दोन संसार! आणि लाज वाटते सांगायला, पण आम्ही दोघंही क्षणभर गप्पच राहिलो.

"अंबरीश," अनन्या माझ्याकडे वळली. "तू गप्प का?"

"गरीब बिचारा," हौसाकाकी कपाळाला हात लावून म्हणाल्या. "म्हनूनच घरात बसून ऱ्हायलाय."

आता मात्र माझ्याच्याने राहवेना. "थांबा!" मी असा गरजलो की मनस्वी जागी झाली. "सावनीचा बाप मी आहे! मी!"

"सावनी तर आत झोपली होती ना?" मॅडम म्हणाल्या.

"ती मनस्वी! ही सावनी! माझी पोर! विचारा तिला!" मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसलो. "बेटा, सांग सगळ्यांना. मी कोण?"

सावनीने आधी मॅडमकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग डब्याकडे. हे तिला पक्कं येत होतं.

"काका!" ती म्हणाली आणि तिने हात पुढे केला.

पुढचं काय सांगू! सगळा उलगडा करताना माझ्या तोंडाला फेस आला. हौसाकाकींची खात्री पटवायला आदेशला देवघरासमोर उभं राहावं लागलं. अनन्या सावनीला उचलून घरात निघून गेली. मॅडम निघाल्या तेव्हा मी त्यांच्यामागे फाटकापर्यंत गेलो.

"मॅडम, नाव खोटं सांगितलं, कबूल. पण तुम्ही जे पाहिलंत ते तर खरं होतं ना? मी रोज तसंच सांभाळतो तिला."

"पाहिलं मी," मॅडम म्हणाल्या. "पण ती तुमची आहे."

"हाच माझा गुन्हा?"

त्यांनी फाटकाची कडी काढली. "माझा मुलगा रोह्याजवळ, अष्टमी गावात माझ्या आईकडे असतो. ती त्याची आजी, म्हणून तिलाही काही मिळत नाही. मी काय करू, सांगा? अर्ज मागे घ्या, मी पुढे काही कळवत नाही."

भांडायला निघालेला मी, त्यांना पाणी विचारून परत आलो.

जूनपासून मी रोह्याच्या कंपनीत जातो. सावनी दिवसभर वैशालीवहिनींकडे असते. आता ती कुंपणातून पळून येत नाही. पलीकडे येऊन भेटायचं कोणाला? वहिनींच्या घराला भत्ता सुरू झाला, अगदी खऱ्या नावाने, मॅडमनी स्वतः पास केला. वहिनी मायेने करतात, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. सरकारच्या दृष्टीने सावनीला आता कुठे कोणीतरी सांभाळायला लागलंय. त्र्यंबककाकाही खूश आहेत. म्हणतात, "बरं झालं, काहीतरी करायला लागलास!"

दुपारी वहिनी तिला थोपटून झोपवतात. झोपेत ती हाताने उशीवर काहीतरी शोधत असते, असं त्यांनी मला सांगितलं. मी ते अनन्याला सांगितलेलं नाही.

संध्याकाळी मी, अनन्या आणि आदेश एकाच रिक्षातून उतरतो. सावनी वहिनींच्या ओट्यावर वाट बघत बसलेली असते. मला पाहिलं की दोन्ही हात पसरून धावत येते आणि आनंदाने सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडते, "काका आले! काका आले!"

आणि मी ओ देतो! काय करणार? पुन्हा बाबा म्हणायला शिकवायचं तर लाटी हवी, आणि पापडांचा हंगाम आता पुढच्या वर्षी.