काचेवरचे रुमाल

लोधिवलीला जुन्या हायवेवर योगेंद्रशेठच्या ढाब्यामागच्या खोलीत पिनबॉलचं यंत्र आहे. मुंबईतला एक मॉल बंद पडला तेव्हा ते भंगाराच्या भावात टेंपोतून आलं. उतरत्या पेटीत पोलादी गोळी उडवायची आणि ती खाली गडप व्हायच्या आत दोन पाती हलवून पुन्हा वर धाडायची, एवढाच खेळ. पेटीवर काच असते आणि काचेतून गोळी दिसते. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे सगळेच विसरले.

एका रविवारी भिसेगावच्या दोघांत ‘आधी मी’ यावरून जुंपली आणि एकाचा शर्ट फाटला. शर्ट फाटला की आपल्याकडे संस्था जन्माला येते. त्याच संध्याकाळी ‘पंचक्रोशी पिनबॉल सुसंस्कार मंडळ’ स्थापन झालं. योगेंद्रशेठ अध्यक्ष, कारण खोली त्यांची. निवृत्त दशरथ गुरुजी सचिव, कारण घरी त्यांना कुणी बोलू देत नसे.

मंडळाने पहिला नियम एसटीतून उचलला. ज्याला खेळायचंय त्याने काचेवर रुमाल टाकावा, आणि दुसऱ्याच्या रुमालाला कुणी हात लावू नये. शिवाय प्रत्येक खेळ संपला की उपस्थितांनी ‘छान खेळलात’ म्हणावं. खेळणाऱ्याचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून यंत्राच्या घंटाही बंद करण्यात आल्या, आणि आकडे दाखवणाऱ्या पाटीवर मंडळाचा बॅनर चढला.

जागृतीला नियम पटले. ती मोहोपाड्याला एका कारखान्याच्या लॅबमध्ये होती आणि रविवारी स्कूटीवरून यायची. मंडळ नव्हतं तेव्हा ती गोळी इतका वेळ खेळवायची, की ट्रकवाले हातातला चहा गार करत बघत राहायचे. आठवड्यात तेवढाच वेळ तिला कुणी काही विचारत नसे. आता तिची बदली गुजरातेत दहेजला झाली होती, आणि जाण्याआधी एकदा मनसोक्त खेळायचं, एवढंच तिच्या मनात होतं. तिने पिवळा रुमाल टाकला आणि वाट बघत बसली.

पण रुमाल टाकायला खेळता यावं लागत नाही. सभापतींचा रुमाल आला, सभापती आले नाहीत. प्लॉटच्या एजंटने न आलेल्या गिऱ्हाइकांसाठीही रुमाल टाकले. एकाने लग्नात आहेर आलेला टॉवेलच पसरला, आणि आकारावरून तो मोठ्या माणसाचा ठरून वरच्या बाजूला गेला. पहिल्याच रविवारी काच दिसेनाशी झाली, आणि पावसाळा सरेपर्यंत ढीग वाढतच गेला. ज्याचा नंबर लागे तो कापडाच्या ढिगापुढे उभा राहून अंदाजाने बटणं दाबायचा, आणि बाकीचे ‘छान खेळलात’ म्हणायचे. पुढे बटणं दाबायचीही पद्धत मागे पडली.

“शेठ, हे जरा सरकवू का? गोळी दिसत नाय,” जागृती एकदा म्हणाली.

“रुमाल म्हंजे मानूस हाय. मानसाला सरकवतात काय गं?”

“पन मानूस येतच नाय तर?”

“जो येत नाय तोच मोठा आसतो. तू शिकलेली पोर, तुला सांगाया पायजे काय?”

“संयम हाच खरा स्कोअर,” गुरुजींनी भर घातली. गुरुजींचा रुमालही ढिगात होता, न धुतलेला.

तिच्या शेवटच्या रविवारी मंडळाने तिचा सत्कार ठेवला. एकदाही न खेळता एकदाही न भांडल्याबद्दल ‘आदर्श खेळाडू’. शाल झाली, नारळ झाला, आणि गुरुजींनी माइक हातात घेतला. विषय होता ‘पिनबॉल आणि आपले संस्कार’. मांडीवर नारळ घेऊन बसलेल्या जागृतीची नजर माइकच्या वायरवरून सरकत भिंतीपर्यंत गेली. खोलीत एकच प्लग होता.

“शेठ, यंत्राच्या घंटा तुमी कशा बंद केल्या?”

“पिन काडली. माइकला पन जागा झाली.”

“म्हंजे यंत्रच बंद हाय? मग येवडे दिस लोक काय खेळले?”

“शिस्तीत खेळले,” शेठ समाधानाने म्हणाले.

जागृतीला रडू येण्याआधी राग आला, हे बरं झालं. तिने नारळ शेठच्या मांडीवर ठेवला आणि माइकची पिन उपटून यंत्राची खोचली. गुरुजींचे ओठ हलत राहिले. ढिगाखाली दिवे लागले. तिने सगळे रुमाल एका झटक्यात सत्काराच्या शालीत ओढले, शाल जमिनीवर टाकली आणि गोळी सोडली. घंटा वाजू लागल्या. गोळी खाली येई, पातं उडे, गोळी वर जाई. असं ती आजवर कधी खेळली नव्हती, आणि ते तिला खेळताना कळत होतं.

बघितलं मात्र कुणीच नाही. सगळे शालीवर तुटून पडले होते.

“माजा वरती व्हता!”

“टॉवेल सोड, तो सभापतींचा हाय!”

शेठचा शर्ट फाटला. गोळी अखेर पडली, तेव्हा जागृतीने आपला पिवळा रुमाल तेवढा शोधला, घाम पुसला आणि स्कूटी काढली. ‘छान खेळलात’ कुणी म्हटलं नाही. त्याच संध्याकाळी तिला मंडळातून काढण्यात आलं, आणि फुटलेल्या गटाने दुसरं मंडळ स्थापन केलं.

ओढाताणीत एक रुमाल मात्र उरला. स्वच्छ, घडी न मोडलेला. त्याचा मालक भांडायला आला नव्हता आणि मुलीच्या बाजूनेही उठला नव्हता. कडेला उभा राहून ‘काय ही माणसं’ असं म्हणत तो सगळं मजेत बघत होता, अगदी शेवटपर्यंत. गुरुजींनी रुमाल काचेवर मानाच्या जागी ठेवलाय. लोधिवलीला जाल तेव्हा घेऊन या, तुमचाच आहे.