कंट्रोलरचा शेवटचा हात

आमच्या गच्चीवरचा कंट्रोलर विमानात बघून दाढी करतो.

त्याच्या खोलीत आरसा नाही, विमान आहे. लाकडाचं, हात-दीड हात लांब, पोट पांढरं, पंख गडद निळे. त्या पंखांवर त्यानं क्लिअर कोट चढवलाय. मोटारीच्या रंगावर मारतात तो, काचेसारखा पारदर्शक लॅकर. एकावर एक इतके हात मारलेत की पंखात माणसाचं तोंड दिसतं. सकाळी तो विमान खिडकीत तिरपं ठेवतो, पंखात गाल बघतो आणि वस्तरा चालवतो. पंख वीतभर रुंद, त्यामुळे एका वेळी एकच गाल दिसतो. दुसऱ्या गालासाठी विमान वळवायचं. हनुवटी मात्र कुठल्याच पंखात नीट बसत नाही, म्हणून ती बारा महिने कापलेली.

पुढची गंमत अशी की हात मारून झाला, वाळला, की त्याला त्यात खोट दिसते. मग तो वॉटर पेपर पाण्यात भिजवून अख्खा पंख घासून काढतो. घासला की चमक गेली, आणि चमक गेली की दाढी बंद. माझ्या बिल्डिंगमधली पोरं त्याच्या तोंडावरून विमानाचा हालहवाल सांगतात. दाढी वाढली की समजायचं, घासलंय. तुळतुळीत झाला की समजायचं, हात मारलाय.

तोंडावर मी त्याला साहेब म्हणतो. मागून मात्र नुसता ‘तो’ म्हणतो. इतकं कमी भाडं देणाऱ्या भाडेकरूला मागून अहोजाहो करायची माझी ऐपत नाही.

नाव शिवलिंग स्वामी. लातूरच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होता. माइकवरून गाड्या पुकारायचा. त्याच स्टँडबाहेर मी अर्धापूरच्या केळीचा गाडा लावायचो. माझं मूळ गाव हदगावकडं. माझ्या बापानं जिथं जिथं अंगठा उठवला तिथं तिथं आमचं काहीतरी गेलं, म्हणून मी आधी सही शिकलो आणि मग बाकीची अक्षरं. केळी विकली, मग पत्रे विकले. भूकंपानंतर शेड उभारायला पत्रा मिळेल तिथून लोक उचलत होते. त्या धक्क्यानं पुष्कळांची घरं पडली, माझं उभं राहिलं. हे मी लपवत नाही. पुढं बारावी अन् डॉक्टरकीच्या क्लासला गावोगावची पोरं लातुरात लोटली, तेव्हा मी घरावर चढवलेल्या दोन मजल्यांतल्या खोल्यांत खाटा टाकल्या आणि खाली मेस काढली. आज अख्खं लातूर मला शेठ म्हणतं.

कंट्रोलर मला ‘केळीवाले’ म्हणतो. पोरांच्या बापांसमोर म्हणतो. एकदा एक गृहस्थ पोराला ठेवायला आले होते. आधीच घासाघीस चाललेली, तेवढ्यात हा जिन्यावरून ओरडला, “केळीवाले, वर नळाला पाणी न्हाई!” त्या गृहस्थांनी माझ्याकडं असं बघितलं की मला तिथल्या तिथं भाव खाली आणावा लागला.

बोलतो तोही अजून माइकवर असल्यासारखा. गल्लीत पाण्याचा टँकर आला की गच्चीवरून आवाज येतो, “प्रवाशांनी लक्ष द्यावं! फलाट क्रमांक दोनवर टँकर लागत आहे!” पोरं हसत हसत बादल्या घेऊन पळतात. गावाकडं जाणारं कुणी भेटलं की त्याला गाडी, वेळ, थांबे, सगळं तोंडपाठ सांगतो. फक्त एक खोड. उमरग्याची गाडी सांगताना, “लातूर, औसा, लामजना, उमरगा,” असं म्हणून मोकळा. आमच्या मेसवाल्या सरूबाई त्याच रस्त्यावरच्या. त्यांनी एकदा टोकलं.

“अन् मधली किल्लारी कुठं गेली ओ कंट्रोलर सायेब?”

“ती गाडी आपल्याकडं न्हाई,” तो म्हणाला आणि ताट उचलून वर गेला.

“वय झालं,” मी म्हटलं. सरूबाई माझ्याकडं बघून पुन्हा भाकरी थापायला लागल्या.

आता माझं दुखणं सांगतो. घराचं होस्टेल करायचं ठरलं तेव्हा मी सगळे भाडेकरू एकेक करून काढले. कुणाला गोडीनं, कुणाला दमात घेऊन. गच्चीवरची खोली तेवढी राहिली. ती भिंत पाडून मोठी केली तर सहा खाटा बसतात. मी वर गेलो. कंट्रोलर विमान मांडीवर घेऊन बसला होता. मी भांडायच्या तयारीनं गेलेलो, पण त्यानं भांडूच दिलं नाही.

“करतो की खाली,” तो म्हणाला. “एक हात राहिला. तेवढा झाला की किल्ली तुमच्या हातात.”

मी विमान बघितलं. चकचकीत होतं. म्हटलं आठ दिवस, फार तर पंधरा. “दिला शब्द?” मी विचारलं. “दिला,” तो म्हणाला. मी खुशीत खाली उतरलो.

मोंढ्यातले अडते माझ्याशी सौदा करायचा म्हटलं की घरून जेवून येतात. त्या मला एका माणसानं लॅकरच्या एका हातावर गंडवलं. त्यानंतर माझी पोरगी लग्न होऊन नांदेडला गेली, तिचं पोर शाळेत जायला लागलं. कंट्रोलरचा एक हात राहिलेलाच आहे.

बरं, खोटं बोलतो म्हणावं तर तेही नाही. रोज उठून झटतो. हात मारायच्या दिवशी खिडकीला ओली चादर, दाराच्या फटीत चिंध्या, पंखा बंद, अंगात सदरा नाही, कारण सदऱ्याचे धागे उडतात. आणि धूळ बसावी म्हणून फरशीवर पाणी शिंपडतो. लातुरात! जिथं उन्हाळ्यात पाव्हण्याला पाणी द्यायचं तर अर्धाच तांब्या भरतात, तिथं हा माणूस टँकरचं पाणी जमिनीला पाजतो. मी कितीदा तरी भांडलो.

“कोरडं ठेवलं तर धूळ बसती, केळीवाले,” तो शांतपणे म्हणतो. “ओलं केलं तर दूध होतं.”

दूध होणं म्हणजे काय, ते मला त्याच्याकडूनच कळलं. हवेत ओल असली की लॅकर वाळताना पांढरा पडतो. खालचा निळा रंग दुधात बुडाल्यासारखा दिसतो. म्हणजे कोरड्यात धूळ आणि ओल्यात दूध. या दोहोंच्या मधला दिवस लातुरात कधी उगवतो ते परमेश्वराला ठाऊक. त्यानं खोली सोडायची नाही म्हणून ही हवा मुद्दाम बनवून घेतलीय, असंही मला कधी कधी वाटायचं.

शेवटी यंदा मी ठरवलं की त्याचा हात मीच मारून घेणार.

दिवाळी उलटली. हवा कोरडी, थंड, वारा पडलेला. नांदेड नाक्यावर शकील म्हणून मोटारींचा पेंटर आहे, त्याला पंप आणि गन घेऊन बोलावलं. आदल्या दिवशी खोली धुऊन घेतली आणि रात्रभर वाळू दिली. सकाळी गेटला कुलूप. जिन्यात झाडू बंद. पोरांना गच्चीबंदी. तेलाची वाफ वर जाऊ नये म्हणून सरूबाईंना सांगितलं की आज फोडणी नाही. पोरांनी फोडणीशिवायचा उपमा खाल्ला आणि मला जे शिव्याशाप दिले ते मी मुकाट ऐकून घेतले. सहा खाटांसाठी माणूस काय ऐकत नाही!

शकीलनं विमान तारेला टांगलं. “काका, तुम्ही लांब व्हा. श्वास बी सोडू नका,” म्हणाला आणि गन चालवली. इकडून तिकडं, तिकडून इकडं, पावसाची झड गेल्यासारखी. विमान उतरवून टेबलावरच्या दोन विटांवर ठेवलं. आम्ही तिघं बघत बसलो. धूळ बसली नाही. दूध झालं नाही. पंख असा काही उतरला की छताचा पंखा त्यात पात्यांसकट दिसत होता.

“क्या बात है,” शकील स्वतःवरच खूश होऊन म्हणाला. “अजून वलं हाय, हात लावू नका.”

कंट्रोलर वाकला. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. खोट काढायला तोंड उघडलं आणि मिटलं. पंखात त्याचं तोंड स्वच्छ दिसत होतं, हनुवटीवरच्या कापल्यासकट.

मी हात पुढं केला. “साहेब, किल्ली.”

“हाव,” तो म्हणाला. खुंटीवरची किल्ली काढून त्यानं माझ्या तळहातावर ठेवली. खाटेखालून पत्र्याची पेटी ओढली. दोन धोतरं, एक कांबळं, वस्तरा. एवढाच संसार. मला वाटलं होतं तो रडेल, भांडेल, मुदत मागेल. मी उत्तरं तयार ठेवली होती. सगळी वाया गेली.

पेटीची कडी लावताना त्यानं विचारलं, “केळीवाले, किल्लारीची गाडी आता कितीला हाय?”

हदगावची सकाळची गाडी आजही झोपेत सांगेल असा माणूस, आणि तो मला गाडीची वेळ विचारत होता.

“किल्लारीला काय काम काढलं?”

“त्याच्या पुढं बहिणीचं गाव. भाच्याचं हाय हे इमान.” तो पेटीकडं बघूनच बोलत होता. “‘मामा, त्यात तोंड दिसलं पायजे,’ म्हणला होता. गणपती बुडवायच्या दिवशी घिऊन येतो म्हणलं होतं. आदल्या रातीला हात मारला, पाऊसपाण्याचे दिवस, सकाळी बघतो तर दूध. पोराला तसलं कसं द्यायचं? म्हणलं घासतो, वाळवतो, परवा जातो. किल्लारीची गाडी मीच पुकारली त्या सांजंला. सोडून दिली.”

पुढचं सांगायची गरज नव्हती. गणपती बुडवून माणसं झोपली ती तशीच राहिली, हे लातुरात कुणाला सांगावं लागत नाही.

“कुणीच?” मी विचारलं.

“कुणीच न्हाई.”

“तुम्ही गेला होता मग?”

“ड्युटी होती. लई गाड्या सोडल्या तिकडं, जादा, येकामागं येक. मी न्हाई गेलो. इमान झालं नव्हतं.” त्यानं पेटीची कडी ओढून बघितली. “आता झालं. झालं म्हणल्यावर पोचवाया पायजे.”

“अहो पण कुणाला? गाव तरी हाय का त्या जागेवर?”

“न्हाई म्हणं. दुसरीकडं बसवलं. घर हुतं तितं ठेवतो.”

“आणि तुम्ही? राहणार कुठं?”

“ते बघू,” तो म्हणाला. “आधी वाळू द्या.”

मला राग आला. राग मला लवकर येतो, सगळ्या मोंढ्याला माहीत आहे, पण तो कुणावर येतोय हे मला नेहमी कळतं. त्या दिवशी कळलं नाही. त्याच्यावर असेल. बसलेल्या बैलासारखा माझ्या गच्चीवर बसला आणि इतक्या वर्षांत हे कधी बोलला नाही. बोलला असता तर मी निदान सौदा तरी दुसरा केला असता. किल्ली माझ्या मुठीत होती. सहा खाटा डोळ्यासमोर होत्या. चादरीसुद्धा आणून ठेवल्या होत्या.

मी टेबलाशी गेलो आणि निळ्या पंखाच्या मधोमध अंगठा दाबला. चांगला जोर देऊन दाबला.

“अरे शेठ! क्या किया!” शकील डोक्याला हात लावून ओरडला.

अंगठा उचलला तर पंखावर ठसा. वळणं न वळणं उमटलेला, रजिस्ट्रीच्या कागदावर उमटतो तसा. आमच्या घराण्यात अंगठा देऊन कुणी कधी काही कमावलेलं नाही.

कंट्रोलर पुन्हा वाकला. ठशाच्या अगदी जवळ डोळा नेला.

“केळीवाले, डाग पडला.”

“दिसतंय मला.”

“घासावं लागंल.”

“मग घासा की! मला काय विचारता?” मी ओरडलो. किल्ली खुंटीला अडकवली आणि जिना उतरून खाली आलो. शकीलला दिवसाची मजुरी द्यायची होती, तीही मी भाव न करता दिली. म्हणजे बघा.

त्या खोलीच्या बाबतीत माझी फसवणूक झाली आहे, हे माझं मत आजही कायम आहे. कुणीही विचारलं तर मी हेच सांगतो. चादरी अजून पोत्यात तशाच पडल्यात.

चार-सहा दिवस कंट्रोलर दिसला नाही. ताट सरूबाई वर पोचवत होत्या. मी चौकशी केली नाही. मग एका सकाळी गल्लीत टँकर वाजला आणि वरून आवाज आला, “प्रवाशांनी लक्ष द्यावं!” थोड्या वेळानं तो स्वतः बादली घेऊन जिना उतरला. गालांवर, हनुवटीवर पांढरी दाढी वाढलेली.

“केळीवाले, हवा लई कोरडी हाय. शिंपडाया एक बादली जादा लागंल.”

“फुकट न्हाई मिळायची!” मी म्हणालो.

त्यानं टँकरखाली बादली धरली, काठोकाठ भरू दिली आणि एक थेंबही न सांडता जिना चढून वर गेला.