सव्वा तांदूळ लांबीचं फूल

बोर्ली पंचतनात मोजणीवाल्या तात्यांच्या दारावरून जायचं, तर हाताशी अर्धा तास मोकळा असावा लागे. तात्या फाटकातच माणूस धरत आणि ओटीवर टांगलेल्या करवंटीपुढे उभा करत. करवंटीत नारळाचं सोडण, सोडणावर चार पानांची आमरी, आणि तिच्या तुऱ्यावर डास बसलाय की काय वाटावं एवढंसं फूल. "आता रंग सांगा. अंदाजे नको!"

सारी नोकरी जमिनी मोजण्यात गेल्यामुळे तात्यांचं 'अंदाजे'शी हाडवैर होतं. फुलाची लांबी त्यांनी सव्वा तांदूळ नोंदवली होती. गावात इंग्रजी जाणणारा मी एकटा मास्तर, म्हणून ते वर्णन तपासायला माझ्याकडे आलं. मी हसलो, तेव्हा म्हणाले, "हसता काय? तांदूळ पटणी, जुना, हातसडीचा. खाली तळटीप आहे."

ही आमरी, म्हणजे इंग्रजीतलं ऑर्किड, त्यांना पावसात मोडून पडलेल्या आंब्याच्या फांदीवर सापडली. तिला ते आचमनाच्या पळीने दिवसातून तीनदा पाणी घालत. देवांना एकदाच. आजवर कुणा शास्त्रज्ञाने ती पाहिलेली नाही अशी त्यांची खात्री होती, आणि मुंबईच्या एका प्रोफेसरांकडून त्यावर शिक्कामोर्तब करून घ्यायचं होतं. पस्तीस-छत्तीस साल असेल. नव्या वनस्पतीचं वर्णन लॅटिनमध्ये लागतं, असं मी कुठेसं वाचलेलं बोलून गेलो. "म्हणजे त्यांचं संस्कृतच की!" म्हणत तात्यांनी अकरा अनुष्टुभ रचले, आणि एक फूल कागदात दाबून तयार ठेवलं.

रंगापाशी मात्र घोडं अडलं. कोळवाड्यातली जनी मासळीची पाटी घेऊन येई. ती म्हणे, "रंग कसला! सुक्या सोड्यावानी हाय." इब्राहिमभाई तांडेल म्हणत, पिस्ता. दोघांची रोज जुंपे. तात्या दोन्ही मतं नोंदवत आणि स्वतः चुलीवर चहा टाकत. वर्णन चालू असेतो सोवळंओवळं रजेवर असे. शेवटी दोन्ही रंग घालून लखोटा रवाना झाला.

महिन्याने बोटीच्या टपालाने उत्तर आलं. तात्यांनी ते माझ्यापुढे धरलं. वाचता वाचता माझा आवाज उतरत गेला. ही आमरी कोकणात झाडोझाडी आढळते, तिला नाव पडून शंभर वर्षं झाली, अधिक वर्णनाची गरज नाही. श्लोक छान आहेत, असंही होतं.

मला फार वाईट वाटलं. "तात्या, एवढं मन लावून केलंत. लाज वाटायचं काही कारण नाही."

"लाज कुठली हो!" तात्या पत्राची घडी घालत राहिले. "मास्तर, एवढं गावात बोलू नका. ही गेल्यापासून चार वर्षं या ओटीवर कुणी टेकलं नव्हतं. मुलगा आफ्रिकेत. घरात बोलायला माणूस नाही. आता वर्णन संपलं म्हटल्यावर लोक कशाला येतील?"

तेवढ्यात फाटक वाजलं. जनीच होती. "तात्या, फूल बगायचा हाय का आज?"

तात्या माझ्याकडे बघत राहिले. खोटं बोलल्याबद्दल पोरांना छड्या मारणारा मी. म्हटलं, "जनी, प्रोफेसरांचं पत्र आलंय. वर्णन अपुरं पडलं म्हणतात. सकाळचा रंग वेगळा, दुपारचा वेगळा. पुढच्या बहराचाही कळवायचाय."

"मंग? मी कवापासून सांगतंय!" जनीने पाटी उतरवली आणि पायरीवर ऐसपैस बसली.

तात्या दौत आणायला म्हणून आत गेले. दौत ओटीवरच होती. बराच वेळ ते बाहेर आले नाहीत.