काळ्याला काळी

आदल्या संध्याकाळपर्यंत सगळं नेहमीसारखं होतं. बाबा शिडीवर, शिडी धरून ती, आणि दोघांचं भांडण.

बाबांची उमेदीची वर्षं परदेशात वायरी ओढण्यात गेली. तिथे काळ्या वायरीत करंट, पांढरी न्यूट्रल. इथे लालमध्ये करंट आणि काळी न्यूट्रल. परतल्यावर त्यांनी अख्ख्या घराचं वायरिंग बदललं, तेही तिथल्याच रंगांत.

"बाबा, उद्या दुसऱ्या कुणी बोर्ड उघडला तर त्याला काय कळणार?"

"दुसरा कशाला तडमडेल? मी काय मेलोय?"

सकाळी ते उठलेच नाहीत.

घर माणसांनी भरलं. नातेवाइकांना फोन काकाने केले. तिच्या तोंडून मात्र तो शब्द निघेना. कुणी गळ्यात पडलं की ती विचारायची, "चहा घेणार?" आणि स्वयंपाकघरात पळायची. तिसऱ्या दिवशी चहाच्या विजेच्या किटलीचा प्लग भिंतीतल्या सॉकेटसकट जळाला. लपायची तेवढी एक जागा होती, तीही गेली.

काकाने संध्याकाळी वायरमन बोलावला. दारातला चपलांचा ढीग बघून तो म्हणाला, "कार्यक्रम दिसतोय." काकाने बोर्डाकडे बोट दाखवलं. त्याने बोर्ड उघडला.

"थांबा, यातली काळी..." ती म्हणाली.

"त्याचा धंदा आहे तो," काकाने तिला गप्प केलं. "तू बाहेर बायकांत बस."

वायरमनने भिंतीतल्या काळ्याला मीटरच्या न्यूट्रलवरून आणलेली आपली काळी जोडली आणि त्या बोर्डाचा स्विच वर केला. फाट्‌कन आवाज, निळी ठिणगी, आणि घरभर मिट्ट काळोख. बाथरूममधून आत्या ओरडली, "अरे, मी आत आहे. मला विसरू नका."

टॉर्चच्या उजेडात वायरमनच्या जळक्या भुवया दिसल्या. "काळ्यात करंट? कुठल्या दीडशहाण्याचं काम हे?"

काका छताकडे बघू लागला.

"बोलवा त्याला. त्याला विचारल्याशिवाय मी एकाही वायरीला हात लावणार नाही."

काकाने छतावरून नजर काढून तिच्याकडे वळवली.

"चहा घेणार?" तिने वायरमनला विचारलं.

"कशावर करणार, ताई? वीज कुठाय? आधी त्या माणसाला बोलवा."

ती भिंतीतल्या उघड्या बोर्डाकडे बघत राहिली. सगळे सांधे एकसारखे, टेप नीट गुंडाळलेली.

"माझ्या बाबांचं काम आहे ते," ती म्हणाली. "बाबा वारले."